नऊ जणांच्या ऑनलाइन पोकर स्पर्धेत टिकायचं कसं

नऊ खेळाडू, एक टेबल, प्रत्येकाला १५०० चिप्स. दर सहा मिनिटांनी ब्लाइंड (दर हाताआधी दोघांनी सक्तीने भरायच्या चिप्स) वाढतो आणि साधारण तासाभरात एकच जण उरतो. मोबाइलवरच्या पोकरमधली ही सगळ्यांत सोपी स्पर्धा. तिला सिट-अँड-गो म्हणतात, कारण टेबल भरलं की ती सुरू होते. रात्रीची जेवणं आटोपली की मानेवाड्यातला एक, हिंगण्यातला दुसरा, नोकरीसाठी पुण्याला गेलेला तिसरा असे नागपूरचे मित्र प्रायव्हेट टेबल उघडून बसतात ते बहुतेक याच स्पर्धेसाठी. होल्डेमचे, म्हणजे हातातले दोन आणि टेबलावरचे पाच पत्ते जुळवायच्या पोकरचे, नियम सगळ्यांना येत असतात. तरी चौथ्या-पाचव्या क्रमांकावर बाहेर पडणारे दर वेळी तेच असतात. ते कशामुळे आणि त्यावर उपाय काय, ते इथे आकड्यांसह मांडलं आहे.

पैशांचं आधीच सांगून टाकू. संसदेने २०२५ साली ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर या कायद्याने बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. त्यामुळे पुढचं सगळं फुकटच्या चिप्सवर खेळणाऱ्यांसाठी आहे. कुणी लिंक पाठवून ‘इथे अजून पैशांवर चालतं’ म्हणालं तर तिकडे फिरकू नका. चिप्स संपल्या की ॲप त्या विकत घ्यायला सांगतं, त्याही घेऊ नका. दुसऱ्या दिवशी फुकट मिळतातच.

पण काहीच पणाला नसलं की लोक पहिल्याच हातात ऑल-इन करतात, म्हणजे सगळ्या चिप्स लावतात, आणि खेळाची मजा जाते. यावर गुणांची लीग हा उत्तम तोडगा आहे. पहिल्याला ५० गुण, दुसऱ्याला ३०, तिसऱ्याला २०, बाकी सहा जणांना शून्य, आणि महिनाअखेरीस बेरीज. नऊ जणांच्या टेबलाचं बक्षीस जगभर बहुतेक ठिकाणी याच प्रमाणात वाटतात, म्हणून खालची आकडेमोड जशीच्या तशी लागू पडते.

टेबल लावताना

ब्लाइंडचे टप्पे असे ठेवा (आधी स्मॉल ब्लाइंड, मग बिग ब्लाइंड): १०/२०, १५/३०, २५/५०, ५०/१००, ७५/१५०, १००/२००, १५०/३००, २००/४००, ३००/६००. टप्पा सहा मिनिटांचा. तीन मिनिटांचा ठेवला तर खेळ अर्ध्या तासात उरकतो, पण विचाराला जागा उरत नाही. नवख्यांसाठी आठ मिनिटं चांगली.

आता जरा हिशेब करा. सुरुवातीला तुमच्याकडे ७५ बिग ब्लाइंड असतात. आठवा टप्पा ४२व्या मिनिटाला लागतो आणि तेव्हा बिग ब्लाइंड ४०० असतो. टेबलावर एकूण चिप्स १३,५००. चार जण उरले असतील तर सरासरी ३,३७५, म्हणजे जेमतेम साडेआठ बिग ब्लाइंड. स्पर्धेचा निकाल लागतो तो असा: सगळ्यांकडे थोड्याच चिप्स, फ्लॉप (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) बघायची कुणाचीच ऐपत नाही, नुसतं ऑल-इन किंवा फोल्ड (पत्ते टाकणं). तिथवर पोचताना तुमच्या ऑल-इनला समोरचा घाबरेल इतक्या चिप्स हातात असल्या पाहिजेत. टिकणं म्हणजे आमच्या लेखी हेच. पत्ते टाकत टाकत ६०० चिप्सवर चौथा आलेला माणूस टिकलेला नसतो, त्याची फक्त पाळी लांबलेली असते.

तांत्रिक बाजूही याच वेळी बघून घ्या. वीज गेली की राउटर बंद पडतो, आणि वादळी पावसात ती नेमकी शेवटचे चार जण उरल्यावर जाते. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, नाहीतर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट आधीच जोडून पासवर्ड सेव्ह करून ठेवा. नेट तुटलं तरी स्पर्धा कुणासाठी थांबत नाही. तुमचे पत्ते आपोआप फोल्ड होतात आणि ब्लाइंड कापला जात राहतो. शेवटच्या टप्प्यात अशा दोन फेऱ्या गेल्या की खेळ आटोपला. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असतो तेव्हा चार्जिंगला लावलेल्या फोनवर खेळू नका. फोन तापतो, स्क्रीन मंद होते, बटण दाबलं तरी उशिरा लागतं. आधी पूर्ण चार्ज करा, मग वायर काढून बसा.

तीन पत्तीच्या सवयी

आपल्याकडे बहुतेकांचा हात रमी आणि तीन पत्तीवर बसलेला असतो. पोकरमध्ये त्यातल्या काही सवयी थेट नुकसान करतात.

पहिली गोष्ट हातांच्या क्रमाची. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलटं आहे, फ्लश (कलर) स्ट्रेटला (सिक्वेन्सला) मारतो. तीन पत्तीत एक्का-दुर्री-तिर्री हा वरच्या सिक्वेन्सपैकी एक धरतात. पोकरमध्ये एक्का-दुर्री-तिर्री-चौकी-पंजी हा सगळ्यांत खालचा स्ट्रेट आहे. बोर्डवर (टेबलावरच्या उघड्या पत्त्यांत) तिर्री-चौकी-पंजीसोबत छक्की दिसली आणि समोरच्याकडे सत्ती असली, तर तुमचा एक्क्याचा स्ट्रेट मेला. आणि इस्पिक मोठं, बदाम लहान असा भेद पोकरमध्ये नसतो. सारखे हात असले की पॉट (मध्ये जमलेल्या चिप्स) वाटला जातो.

दुसरी गोष्ट फोल्डची. तीन पत्तीत बूट सगळ्यांना भरावा लागतो, म्हणून पत्ते टाकताना काहीतरी गेल्यासारखं वाटतं. पोकरमध्ये नऊपैकी दोघांनाच ब्लाइंड असतो. उरलेल्या सात हातांत फोल्ड करायला एक चिपसुद्धा लागत नाही. पहिल्या तीन टप्प्यांत, म्हणजे १८ मिनिटांत, साधारण वीस हात होतात. ते सगळेच्या सगळे टाकले तरी शंभराच्या आसपास चिप्स जातात. १५०० मधल्या शंभर! हे आकडे पटले की चॅटवर कुणी ‘टाक ना बे, किती विचार करून राहिला’ असं चिडवलं तरी अंगठा कॉलवर (समोरच्याइतक्या चिप्स भरण्यावर) जात नाही.

तिसरी सवय सगळ्यांत महाग: ‘शो’ बघायची हौस. समोरच्याकडे काय आहे हे कळावं एवढ्याचसाठी रिव्हरवर (पाचव्या, शेवटच्या उघड्या पत्त्यावर) ४०० चिप्स भरणं. दुसऱ्या कुणी कॉल केला तर शोडाउनचे (शेवटी उघडलेले) पत्ते हँड हिस्टरीत, म्हणजे ॲपमधल्या हातांच्या नोंदीत, फुकट दिसतात, आणि नाही दिसले तरी त्या ४०० चिप्स तुमच्या खिशातच बऱ्या.

पहिले तीन टप्पे

इथे काम थोडं आहे. पहिल्या जागांवरून दश्श्यांच्या वरच्या जोड्या आणि एक्का-राजा, एक्का-राणी एवढंच खेळा. बटनजवळ, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलणाऱ्या डीलरच्या जागेजवळ, आलात की दश्श्या, नव्व्या, अठ्ठ्यांच्या जोड्या, एक्का-गुलाम, एकरंगी राजा-राणी यांनाही घ्या. रेज (वाढीव बोली) बिग ब्लाइंडच्या तिप्पट करा. मध्ये कुणी नुसता कॉल करून आत आला असेल तर त्याच्यामागे आणखी एक बिग ब्लाइंड वाढवा.

छोट्या जोड्यांसाठी एक नियम पाठ करा. दुर्रीपासून सत्तीपर्यंतच्या जोडीला फ्लॉपवर तिसरा पत्ता मिळण्याची शक्यता सुमारे १२ टक्के, साडेआठ वेळांत एकदा. म्हणून कॉलची रक्कम तुमच्या आणि समोरच्याच्या स्टॅकपैकी (जवळच्या एकूण चिप्सपैकी) जो लहान असेल त्याच्या पंधराव्या भागाहून कमी असेल तरच आत जा. १५०० पैकी ६० भरायचे असतील तर चालेल. पुढे तुमच्याकडे १६०० असताना कुणी ३०० चा रेज केला, तर पंज्यांची जोडी निमूटपणे टाका. ‘जोडी आहे ना’ म्हणत केलेले असले कॉल हीच मधल्या टप्प्यातली सगळ्यांत मोठी गळती आहे.

पहिल्याच हातात ऑल-इन करणाऱ्याचं काय? इथे पहिल्यांदा गुणांचा हिशेब लागतो, म्हणजे कुणाकडे किती चिप्स आहेत त्यावरून सरासरी किती गुण पडतील ते काढणारं आयसीएम नावाचं गणित. नऊ जणांकडे सारख्या चिप्स असताना तुमच्या वाट्याला सरासरी ११.१ गुण येतात. तुम्ही कॉल करून जिंकलात तर चिप्स दुप्पट होतात, पण गुण दुप्पट होत नाहीत, ते २०.३ होतात. हरलात तर शून्य. म्हणजे ११.१ भागिले २०.३, सुमारे ५५ टक्के. पन्नासाला चिप्सच्या हिशेबात बरोबरी असली तरी स्पर्धेत तुम्हाला ५५ लागतात. हा जास्तीचा पाच टक्क्यांचा कर पुढे वाढत जातो, तो लक्षात ठेवा.

एक्का-राजा कुठल्याही दोन आंधळ्या पत्त्यांविरुद्ध साधारण ६५ टक्के जिंकतो. त्यामुळे दर हाताला ऑल-इन करणाऱ्याला त्याने कॉल करायला हरकत नाही. पण एकाच वेळी तिघे-चौघे आत पडले असतील तर तो टाका. एक्क्यांच्या जोडीची गोष्ट वेगळी. ती एका आंधळ्या हाताविरुद्ध ८५ टक्के, दोघांविरुद्ध ७३, तिघांविरुद्ध ६४ आणि चौघांविरुद्ध ५६ टक्के जिंकते. आकडा घसरतो, पण चौघांविरुद्ध जिंकलात तर चिप्स पाचपट होतात. एक्के कधीही टाकू नयेत, आणि ते हरले म्हणून पुढचे दहा हात रागाने खेळू नयेत.

५०/१०० लागल्यावर

आता ब्लाइंड चोरण्यात अर्थ येतो. सगळ्यांनी फोल्ड केलं आहे, तुम्ही बटनवर किंवा त्याच्या उजवीकडच्या जागेवर आहात आणि मागचे दोघे-तिघे सावध खेळणारे आहेत, तर २२० चा रेज करा. १५० मिळवायला २२० लावले, म्हणजे दहापैकी सहा वेळा ते पळाले की पुरे. यासाठी फार भारी पत्ते लागत नाहीत. राजा-दश्शी, एकरंगी नव्वी-अठ्ठी, छोटी जोडी चालते. ज्याच्याकडे सात-आठ बिग ब्लाइंडच उरले आहेत त्याच्या ब्लाइंडवर मात्र असली चोरी करू नका. तो उलटा ऑल-इन करतो आणि तुम्हाला २२० सोडून पळावं लागतं.

फ्लश होईल या आशेवर चिप्स घालणारे याच टप्प्यात संपतात. एक उदाहरण बघा. टर्न (चौथा उघडा पत्ता) पडला आहे, पॉट ६०० आहे, समोरच्याने ४०० लावले. तुमच्याकडे बदामाचे चार पत्ते झाले आहेत. फ्लश पूर्ण करणारे नऊ पत्ते उरले, आणि एका पत्त्यात तो येण्याची शक्यता जेमतेम २० टक्के. तुम्हाला १००० साठी ४०० भरायचे आहेत, म्हणजे ४०० भागिले १४००, साडेअठ्ठावीस टक्के लागतात. २० ला साडेअठ्ठावीसचा भाव परवडत नाही. फोल्ड. फ्लॉपवर असताना दोन पत्ते बाकी असतात, तेव्हा हीच शक्यता ३५ टक्के असते. पण तो आकडा दोन्ही पत्ते एकाच किमतीत बघायला मिळणार असतील तरच खरा, म्हणजे कुणीतरी ऑल-इन असेल तेव्हा.

घाईत मोजायचं असेल तर उपयोगी पत्ते दोनाने गुणा. एक पत्ता बाकी असताना ती टक्केवारी जवळपास बरोबर येते. दोन बाकी असतील तर चाराने.

दहा बिग ब्लाइंड उरले की

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या भित्रेपणाने होतात.

दहा किंवा कमी बिग ब्लाइंड असताना रेज-कॉल-फ्लॉप हे सोडून द्या. पहिल्यांदा पॉटमध्ये उतरणारे तुम्हीच असाल तर ऑल-इन, नाहीतर फोल्ड. कारण साधं आहे. १०० च्या बिग ब्लाइंडला ९०० चिप्स असताना २५० चा रेज केला आणि समोरच्याने ऑल-इन केलं, तर उरलेले ६५० घालून कॉल करणं आणि पळून ६५० वर उरणं, दोन्ही वाईट. स्वतः ऑल-इन केलं की निर्णयाचं ओझं त्याच्यावर पडतं.

कुठले पत्ते? मागे सहा-सात जण असतील तर छक्क्यांपासून वरच्या जोड्या, एक्का-गुलाम आणि त्यावरचे, एकरंगी एक्का-दश्शी, एकरंगी राजा-राणी. बटनवर असाल तर कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, राजा-नव्वी आणि त्यावरचे, राणी-दश्शी, एकरंगी गुलाम-नव्वी किंवा दश्शी-नव्वी. स्मॉल ब्लाइंडवरून समोर एकटा बिग ब्लाइंड उरला असेल तर यात जवळपास सगळे राजे धरा. हे ढोबळ आहे. अँटी (दर हाताला सगळ्यांनी भरायच्या थोड्या चिप्स) असेल तर थोडं सैल, आणि मागे ‘शो’ची हौस असलेला बसला असेल तर थोडं घट्ट करा. कॉल करताना मात्र हीच यादी वापरू नका. ऑल-इन करणारा दोन वाटांनी जिंकतो: समोरचे पळाले तरी, पत्ते चांगले निघाले तरी. कॉल करणाऱ्याला एकच वाट असते. ज्या एक्का-छक्कीने तुम्ही बटनवरून बेधडक ऑल-इन करता, तोच हात दुसऱ्याच्या ऑल-इनला कॉल करायच्या लायकीचा नसतो.

थांबून राहिल्याने काय होतं ते १५०/३०० च्या ब्लाइंडवर दिसतं. तुमच्याकडे २४०० आहेत, ऑल-इन केलं. बिग ब्लाइंडवाल्याला आणखी २१०० भरायचे आहेत आणि पॉट झाला २८५०. त्याला कॉल परवडायला ४२ टक्के जिंकावं लागेल. तो सत्ती-दुर्री, नव्वी-चौकी, गुलाम-तिर्री असले पत्ते टाकून देईल. आता तुम्ही चांगल्या पत्त्याची वाट बघत बसलात आणि ९०० वर आलात. ऑल-इन केलं, पॉट १३५०, त्याला भरायचे फक्त ६००. आता ३१ टक्के पुरतात. तेवढे जवळपास कुठल्याही दोन पत्त्यांना मिळतात, म्हणून तो न बघता कॉल करतो. २४०० ला असलेला धाक ९०० ला उरत नाही, आणि दुप्पट झालात तरी १८०० च. म्हणून सहा बिग ब्लाइंडच्या खाली जायच्या आत हालचाल करा. राजा-सत्तीने वेळेवर केलेलं ऑल-इन हे एक्का-राणीची वाट बघत संपण्यापेक्षा बरं.

चौघे उरल्यावर

एकाला रिकाम्या हाताने जायचं आहे, तिघांना गुण मिळणार आहेत. याला बबल म्हणतात, आणि इथे कर सगळ्यांत जास्त असतो. चौघांकडे सारख्या ३,३७५ चिप्स असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २५ गुण. कॉल करून जिंकलात तर तुमच्याकडे निम्म्या चिप्स येतात आणि गुण ३८.३ होतात. २५ भागिले ३८.३, म्हणजे ६५ टक्के. तुम्ही बिग ब्लाइंड भरून बसला असाल तर दोन-तीन टक्के कमी धरा.

आता खऱ्या टेबलासारखी स्थिती घ्या. ब्लाइंड १००/२००. बटनवर मोठा स्टॅक, ६,०००. स्मॉल ब्लाइंडवर १,२००. बिग ब्लाइंडवर तुम्ही, ३,६००. चौथ्याकडे २,७००, त्याने फोल्ड केलं. बटनवाल्याने ऑल-इन केलं, १,२०० वाला पळाला. तुमच्या हातात एक्का-दश्शी. घड्याळ चालू आहे.

फोल्ड केलंत तर ३,४०० उरतात आणि त्यांची किंमत २७.७ गुण. कॉल करून जिंकलात तर ७,३०० होतात, किंमत ३८.६. हरलात तर चौथा क्रमांक, शून्य. २७.७ भागिले ३८.६ केलं की सुमारे ७२ टक्के येतात. एक्का-दश्शी कुठल्याही आंधळ्या पत्त्यांविरुद्ध ६३ टक्क्यांच्या आसपास जिंकते, आणि एक्का-राजासुद्धा ६५ च. समोरच्याने पत्ते न बघता ऑल-इन केलं आहे असं तुम्हाला पक्कं ठाऊक असलं तरी हा फोल्डच आहे. नव्व्यांची जोडी तिथे जेमतेम पोचते. आणि तो खरंच निवडून ऑल-इन करत असेल, तर त्याहून वरचीच जोडी हवी.

इतका कडक हिशेब का? १,२०० वाल्यामुळे. त्याच्याकडे सहा बिग ब्लाइंड आहेत आणि पुढच्या फेरीत त्याला काहीतरी करावंच लागणार. तो गेला की तुमचे किमान २० गुण नक्की. त्याच्या आधी स्वतः जाण्याचा धोका घेण्याइतकी एक्का-दश्शी मोठी नाही. म्हणून चौघे उरल्यावर दर हाताआधी एकच गोष्ट बघायची: सगळ्यांत लहान स्टॅक कुणाचा आणि त्याचा बिग ब्लाइंड किती हातांवर आला. ॲपमध्ये चिप्सऐवजी स्टॅक बिग ब्लाइंडमध्ये दाखवायची सोय असेल तर ती इथे सुरू करा.

हेच गणित मोठा स्टॅक तुमच्याकडे असताना उलटं वापरता येतं. मधल्या स्टॅकवाल्याला तुमच्या ऑल-इनला ७२ टक्के लागतात हे तुम्हाला ठाऊक आहे, मग त्याच्या ब्लाइंडवर भरपूर पत्त्यांनी चढाई करा. सगळ्यांत लहान स्टॅकवाल्याशी मात्र फालतू पत्त्यांनी भिडू नका. तो कॉल करणारच असतो, आणि तो टेबलावर असेपर्यंत बाकीचे दोघे हात आवरून बसतात. तुमच्या चिप्स तेव्हाच वाढतात. आणि सगळ्यांत लहान स्टॅक तुमचाच असेल तर? तेव्हा वाट बघण्यासारखं काही नाही. पहिली बरी संधी घ्या, शक्यतो मधल्या स्टॅकवाल्याच्या ब्लाइंडवर.

मित्रांच्या टेबलावर या वेळी एक दुखणं हमखास निघतं. दोन जिवलग एकमेकांवर रेज करत नाहीत, किंवा बाजूला फोन लावून पत्ते सांगतात. बबलवर याने बाकीच्यांचे गुण सरळ मारले जातात. लीग सुरू करतानाच नियम करा: हात चालू असताना पत्त्यांबद्दल बोलणं नाही, फोन नाही, कुणाला सांभाळून घेणं नाही. पकडलं तर त्या रात्रीचे गुण शून्य.

तिघे, मग दोघे

चौथा गेला की बरेच जण सुस्कारा सोडून पहिल्यासारखेच घट्ट खेळत राहतात. ते चूक आहे. २० गुण आता खिशात आहेत, झगडा उरलेल्या ३० चा आहे. तिघांकडे सारखे ४,५०० असतील तर कॉलला लागणारी टक्केवारी ६५ वरून ५७ वर उतरते. बटनवरून, स्मॉल ब्लाइंडवरून वेग वाढवा. एक्का-दश्शी जी मघाशी टाकली, ती आता कॉल करायची वेळ आली.

दोघे उरल्यावर कर संपतो. पन्नास म्हणजे पन्नास. इथे जागेचा नियम बदलतो, तो नवख्यांना गोंधळात टाकतो: बटनवालाच स्मॉल ब्लाइंड भरतो, फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर शेवटी. दहा किंवा कमी बिग ब्लाइंड असताना बटनवरून निम्म्याहून जास्त पत्त्यांनी ऑल-इन करा: कुठलीही जोडी, एक्का, राजा, बऱ्यापैकी राणी, आणि लागोपाठचे एकरंगी पत्ते. नऊ जणांत सत्त्यांची जोडी मामुली होती, दोघांत ती भारी आहे.

खेळ संपल्यावर

स्पर्धा संपली की त्या रात्रीचे फक्त ऑल-इनचे हात काढा, स्वतः केलेले आणि दुसऱ्याचे कॉल केलेले. बहुधा चार-पाचच असतात. प्रत्येकात चौघांचे किंवा जेवढे होते तेवढ्यांचे स्टॅक, ब्लाइंड, तुमची जागा आणि तुमचे पत्ते लिहा. निकाल लिहू नका, त्याने डोकं भरकटतं. मग हे आकडे कुठल्याही फुकट आयसीएम कॅल्क्युलेटरमध्ये टाका, बक्षिसाच्या रकान्यात ५०, ३०, २० भरा आणि फोल्ड, जिंकणं, हरणं या तिन्हींचे गुण बघा. फोल्डचे गुण वजा हरण्याचे गुण, भागिले जिंकण्याचे वजा हरण्याचे. तेवढी टक्केवारी तुमच्या पत्त्यांना होती का, एवढंच तपासायचं. वहीत एका बाजूला लागणारी टक्केवारी, दुसऱ्या बाजूला असलेली. काही आठवड्यांत तुमची गळती कुठे आहे ते दिसायला लागेल. बहुतेकांची बबलवरच्या कॉलमध्ये निघते, आणि उरलेल्यांची सहा बिग ब्लाइंडच्या खाली जाऊन केलेल्या ऑल-इनमध्ये.